शेवंतीचा कान

दुपारची भांडी आवरली की सरोज घरात टेकत नाही. अंगणात आंब्याखाली उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये जाते, मागचं दार ओढून घेते आणि गादीवर शेवंतीच्या अंगाला अंग लावून आडवी होते. शेजारणी म्हणतात, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणेनात का! नवऱ्याची व्हॅन, नवऱ्याची कुत्री, यांच्या बापाचं काय जातं?

डोळ्यांवर झापड येतेय. बाहेर कुठंतरी कावळा ओरडतोय, तो हळूहळू लांब जातोय. सरोज शेवंतीच्या डाव्या कानामागं नाक खुपसते.

शेवंती म्हणजे पूडल. कुरळे, दाट, पांढरे केस. फुलासारखी दिसते म्हणून शेवंती. ती आणि तिचा जोडीदार मोगरा महामार्गावरच्या एका ढाब्यामागं सापडले होते. पिल्लं काढून काढून खंगलेली, कामाची उरली नाहीत म्हणून कुणीतरी गाडीतून आणून टाकलेली. सरोजच्या नवऱ्यानं, जयवंतरावांनी, दोघांना उचलून कराडला आणलं, बॅटरीचं दुकान पुतण्याच्या गळ्यात मारलं आणि या व्हॅनमध्ये गादी टाकून भटकायला सुरुवात केली. कोयनेचा काठ, कासचं पठार, वेळणेश्वरची पुळण. मोगरा एकदा लाटेत शिरला की बाहेर यायचं नाव नाही. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काका, मेंढरं घेऊन कुठं निघालाय?" जयवंतराव म्हणायचे, "माहेरपणाला."

मोगरा दोन वर्षांपूर्वी गेला. जयवंतराव यंदा श्रावणात गेले, झोपेतच. आदल्या संध्याकाळी त्यांनी शेवंतीला मांडीवर घेऊन तिचे केस कापले होते. हे केस गळत नाहीत, नुसते वाढत राहतात, अगदी कानाच्या आतसुद्धा. महिन्या-दीड महिन्यानं कापावेच लागतात आणि ते काम जयवंतराव दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. त्यानंतर आजतागायत सरोजनं तिला कात्री लावू दिलेली नाही, आंघोळही घातलेली नाही. कारण कानामागच्या झुपक्यात त्यांचा वास आहे. तपकीर आणि खोबरेल.

आता दिवाळी उलटलीय आणि शेवंती खात नाही. मान डावीकडं कलती धरून बसते आणि कण्हते. डॉक्टर फोनवरच म्हणाले, "घेऊन या, पण आधी केस काढावे लागतील." सरोज "बघते" म्हणाली आणि गेली नाही. मालकाच्या मागं झुरतेय बिचारी, झुरणाऱ्याला कुठं औषध असतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातलीय. कुत्री मात्र दिवसागणिक वाळत चाललीय, हे तिला दिसतंय. ती काही आंधळी नाही.

डोळा लागतो न लागतो तोच पुढच्या सीटवर कुणीतरी खाकरतं.

सरोज ओ देत नाही. सासूबाई सांगायच्या, गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर दोन शब्द बोलावं, पण ते मागेल ते देऊ नये आणि बोलावेल तिकडं जाऊ नये. दिलं की घरातला एक जीव जातो. सासूबाई उगाच काहीतरी बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"जागी आहेस, माहितीय मला," जयवंतराव म्हणतात.

ती एक डोळा उघडते. तोच निळा शर्ट, जो नणंदेनं तेराव्यानंतर कुणाला तरी देऊन टाकला. आणि शेजारच्या सीटवर मोगरा! चांगला टुणटुणीत, जीभ बाहेर काढून बसलाय. एकाला नेऊन बसवलंय, आता दुसरीला न्यायला आलेत. ती गपचूप शेवंतीचा पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळते.

"कशाला आलात?"

"हे काय विचारणं झालं? चला, एक चक्कर मारून येऊ."

"मी नाही येत. तीही नाही येत."

"बरं, नका येऊ," ते म्हणतात, आणि व्हॅन कुंभार्ली घाट उतरत असते. काचेवर अजून अंगणातल्या आंब्याची सावली आहे आणि सावलीपलीकडं दरी आहे.

सरोज त्यांच्या मानेकडं बघत राहते. काहीतरी गोम आहे. हा माणूस जिवंतपणी प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवून डोकं उठवायचा. आज एकदाही नाही.

"मोगऱ्याला कशाची भीती वाटायची?" ती विचारते.

"कुकरच्या शिट्टीची."

"आणि मला?"

"तुला कसली भीती? मलाच तुझी वाटायची."

उत्तरं बरोबर आहेत. म्हणून काय झालं? फसवणारा तयारी करूनच येतो.

"शेवंतीला जरा पुढं दे," ते म्हणतात.

"का?"

"बघू दे की तिला."

"तिथनंच बघा."

घाट संपतो तिथं टोलनाका आहे. असा नाका तिथं कधी नव्हता. खिडकीत सासूबाई बसल्यात, डोक्यावरून पदर, पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी. मान वर न करता विचारतात, "एकेरी का जाऊन-येऊन?"

जयवंतराव तोंड उघडणार एवढ्यात सरोज सीटवरून पुढं झेपावते. "माझं आणि शेवंतीचं जाऊन-येऊन! यांचं यांना विचारा!"

सासूबाई मेथीची काडी मोडतात. नाक्याचा आडवा दांडा वर जातो.

"आईला अजून घाबरतेस," जयवंतराव हसतात.

"आईंना नाही. तुम्हाला."

ते हसायचे थांबतात. आरशात त्यांचे डोळे दिसतात आणि ते इतके दुखावलेले दिसतात की सरोजला कसंसंच होतं. पण पट्टा ती सोडत नाही.

पुळण आलीय. वेळणेश्वरचीच, सुरूची झाडं तीच, पण समुद्राच्या जागी त्यांच्या स्वयंपाकघराची शहाबादी फरशी पसरलीय, लांबच लांब, ओली. लाट येते आणि कुठंतरी मांडणीतली भांडी वाजतात. मोगरा उडी टाकून फरशीवर पोहायला लागतो. जयवंतराव मागचं दार उघडून नेहमीसारखे कडेला बसतात, पाय खाली सोडून.

"कात्री दे," ते हात पुढं करतात.

बघा! मागितलंच शेवटी.

"काही मिळायचं नाही," सरोज शेवंतीला पोटाशी ओढते. "तुम्ही मागायचं, मी द्यायचं, आणि जाग येईल तेव्हा ही गार पडलेली असायची. मला काही कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"हिला न्यायला आलोय मी?"

"मोगऱ्याला नेलंतच की."

"मोगरा म्हातारा होऊन गेला गं. तेव्हा मी तुझ्या शेजारी बसून रडत होतो. विसरलीस?"

विसरलेली नाही. दोघांनी त्या रात्री जेवणसुद्धा केलं नव्हतं. म्हणूनच ती जास्त चिडते.

"बरं, मला देऊ नको," ते म्हणतात. "तू काप. डाव्या कानामागचं."

"नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना!"

"सरोज."

"तिथं तुम्ही आहात!" ती ओरडते. "कपडे गेले, चपला गेल्या, उशीचा अभ्रासुद्धा तुमच्या बहिणीनं धुऊन टाकला. मला विचारलं का कुणी? एवढंच राहिलंय माझ्याकडं. तेही कापून टाकू? मग मी कुठं तोंड खुपसू, सांगा!"

लाट येते. भांडी वाजतात.

"अगं, मी काय तिच्या कानात राहतो का?" जयवंतराव हळूच म्हणतात. "तिला दुखतंय. ती माझ्या मागं झुरत नाहीये. तू कधी बघशील याची वाट बघतेय."

सरोज त्यांना निरखून बघते. गोड बोलण्यात हा माणूस पहिल्यापासून पटाईत. याच आवाजात त्यांनी तिला चाळिशीनंतर गाडी शिकायला लावली होती, तंबूत झोपायला लावलं होतं. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का? तेवढ्यात शेवंती मागच्या पायानं कान खाजवते आणि किंचाळते. ते किंचाळणं काही स्वप्नातलं वाटत नाही.

तिच्या हातात कात्री आहे. कुणी दिली? सरोज घाबरून मनातल्या मनात उजळणी करते. आपण काही दिलेलं नाही. घेतलेलं चालतं का, ते सासूबाईंनी कधी सांगितलं नव्हतं.

ती वाकते, त्या झुपक्यात नाक घालते आणि छाती भरून श्वास घेते. मग कात्री लावते. घट्ट गोळा झालाय, सहज कापला जात नाही, ती दात आवळून जोर लावते. "आणखी आतून," जयवंतराव म्हणतात. "हं. अस्सं." मोगरा लांबून भुंकतो.

व्हॅन अंगणातच आहे. ऊन कलून पाठीवर आलंय. कावळा ओरडतोय.

सरोजची मूठ घट्ट मिटलेली आहे. बोटं उघडायला दुसरा हात लावावा लागतो. तळव्यावर केसांचा गोळा, लोकरीच्या नमद्यासारखा चिकटलेला, ओलसर. आणि त्यात रुतून बसलेलं गवताचं कुसळ, चांगलं लांब, टोकाला पू आणि रक्त. मागच्या माळावर वाळलेल्या गवतात फिरताना कानात गेलं असणार, आणि केसांच्या जंजाळात अडकून आत आत शिरत राहिलं असणार.

झोपेत आपणच ओढून काढलं असेल, ती म्हणते. दुसरं काय? पण ओढलेल्या केसांची कड अशी सरळ नसते, आणि व्हॅनमध्ये कात्री नाही. ती गादी उचलून बघते, सीटखाली हात घालून बघते. नाही म्हणजे नाहीच.

मग ती गोळा नाकाशी धरते. पू, कुत्रं, वाळलं गवत. तपकीर नाही. खोबरेल नाही. ती पुन्हा हुंगते, गोळा पिंजून आतून हुंगते. कधीच उडून गेला होता तो वास, कोण जाणे कधी. इतके दिवस ती दुखऱ्या कानात तोंड खुपसून नुसतीच पडत होती. सरोज मोठ्यानं रडते, शेजारी ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

शेवंती उठून बसते, फडफड आवाज करत डोकं झाडते आणि मान सरळ करते. थोडा वेळ रडणाऱ्या बाईकडं बघते. मग जवळ सरकून तिच्या मांडीवर डोकं टेकते, उजवा कान वर करून.

"थांब गं बाई," सरोज पदरानं नाक पुसत म्हणते, "कात्री आणते."