विशाखाच्या वर्गातला गोंगाट

विशाखा तायडे गेली, हे तिच्या भावाने मला जालन्याच्या दवाखान्यातून फोन करून सांगितलं. "मंदाताई, आपली इशू गेली हो..." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. साधा ताप म्हणून तिने अंगावर काढला, तो डेंग्यू निघाला, आणि जालन्याला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. कणकेचे हात तसेच घेऊन मी ओट्याला टेकून उभी राहिले. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर प्राचार्यांचा संदेश होता. फुलांची चौकट, मध्ये तिचा ओळखपत्रावरचा फोटो आणि खाली मजकूर, 'अर्थशास्त्र विभागाच्या शिस्तप्रिय प्राध्यापिका...' शिस्तप्रिय! मला रडू यायच्या आधी संताप आला. दोन महिने होत आले, अजून तो उतरलेला नाही. उतरू नये म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आमचं कॉलेज बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. नाव लिहीत नाही, कारण वाचणाऱ्या अनेकांना ते आपलंच कॉलेज वाटेल याची मला खात्री आहे. मी तिथे मराठी शिकवते. विशाखा दहा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिशीतली होती. धामणगाव बढ्याची, वडील पोस्टात, घरात बुद्धवंदना आणि रेडिओवरच्या बातम्या दोन्ही न चुकता. बोलायची अस्सल वऱ्हाडी, आणि वर्गातही तशीच. यावर स्टाफरूममध्ये पहिल्या आठवड्यातच कुजबुज सुरू झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "प्राध्यापकाने निदान प्रमाण भाषा तरी बोलावी." विशाखाने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, परीक्षेत पोरं प्रमाण भाषेतच लिहितीन. इचार तं आपल्या भाषेत करू द्या त्याइले."

तिचा वर्ग मी पहिल्यांदा पाहिला तो चुकून. व्हरांड्यातून जाताना प्रथम वर्षाची खोली इतकी शांत वाटली की बाई आल्याच नसतील असं समजून मी आत डोकावले. पाहते तर विशाखा खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी. फळ्यावर एकच प्रश्न: मेथीची जुडी सकाळी महाग आणि संध्याकाळी स्वस्त का? पुढच्या बाकावरचा एक हुशार मुलगा केव्हाचा हात वर करून होता, ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. मुलं चुळबुळत होती, एकमेकांकडे बघत होती... आपल्याला ती शांतता सोसत नाही, आपण लगेच उत्तर सांगून मोकळे होतो. ती मात्र थांबली. शेवटी मागच्या बाकावरून डोणगावची पूजा उठली. तिच्या घरी भाजीचाच मळा होता. "मॅडम, सांजच्यानं भाजी कोमेजते. घरी वापस कोन नेईन? म्हून देऊन टाकतेत." विशाखाने ना शाबास म्हटलं, ना चूक म्हटलं. "हे आता तुह्या शेजारणीले समजून सांग. मंग ती मले सांगन." आणि तिने सगळ्या वर्गालाच दोघा-दोघांत बोलायला लावलं. क्षणात खोलीत असा कालवा उठला की शेजारच्या वर्गातले सर दार लावायला उठले. त्या कालव्यात ती बाकाबाकाशी वाकून ऐकत होती. नाशवंत माल, पुरवठा, मागणी हे पुस्तकातले शब्द तिने सगळ्यात शेवटी फळ्यावर लिहिले. तोवर त्या शब्दांखालचं सगळं मुलांनी स्वतःच सांगून टाकलं होतं.

"तू सरळ सांगत का नाहीस?" मी तिला नंतर विचारलं. "ताई, मी बोलून राह्यली का ते लिहून राह्यतात. लिहून झालं का त्याइले वाटते, झालं आपलं. डोक्यात काहीच जात नाही." तासाची सुरुवात ती वह्या-पुस्तकं मिटवून करायची, गेल्या आठवड्यातलं काय आठवतं ते आठवेल तसं लिहायला लावायची, आणि त्याला मार्क नसायचे. कुणी चुकीचं उत्तर दिलं तर ते नाव न घेता फळ्यावर लिहून विचारायची, "याच्यात बरोबर काय हाय?" बारावीपर्यंत वर्गात एकदाही तोंड न उघडलेली मुलं तिच्या तासाला बोलत होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. ती प्रत्येक सहकाऱ्याला म्हणायची, माझ्या तासाला मागे येऊन बसा, कुठे चुकते ते सांगा, आणि मलाही तुमच्या तासाला बसू द्या. सगळे हसले. "आम्ही आता शिकवणं शिकायचं का?" असं म्हणणाऱ्यांतल्या काहींनी गाईड वाचून दाखवण्यात पंचवीस वर्षं काढली होती. डॉक्टरने शिकत राहावं, ड्रायव्हरने शिकत राहावं, प्राध्यापकाने तेवढं शिकू नये, हा आमच्याकडचा नियम.

मग बाहेरगावाहून तपासणी समिती येणार असं कळलं आणि कॉलेजला रंग लागायला सुरुवात झाली. प्रत्येक वर्गात पडदा टांगला गेला आणि सगळ्यांनी पडद्यावर चित्रं दाखवूनच शिकवायचं असा हुकूम निघाला. अशाच एका दुपारी प्राचार्य फेरीवर निघाले. विशाखाच्या वर्गात मुलांनी बाक एकमेकांकडे वळवले होते आणि नेहमीचा गोंगाट चालला होता. प्राचार्य दारातूनच ओरडले, "हे कॉलेज आहे की बाजार?" एक पोरगा निरागसपणे म्हणाला, "सर, बाजाराचंच चालू हाय." प्रकरणच ते होतं, बाजारपेठ! सगळा वर्ग हसला, विशाखाही हसली. त्या हसण्याची शिक्षा तिला झाली. वर्गात शिस्त नाही म्हणून खुलासा मागवणारी नोटीस तिच्या हातात पडली. ज्यांनी तिला मेल्यावर शिस्तप्रिय म्हटलं, त्याच गृहस्थांच्या सहीची.

तरी तिने बाक वळवणं सोडलं नाही. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परतलो तेव्हा त्या वर्गातले सगळे बाक लोखंडी पट्ट्या ठोकून फरशीला पक्के केलेले होते. माणसाने माणसाकडे तोंड करून बोलू नये म्हणून पैसे खर्चून केलेली ती व्यवस्था होती. विशाखा एका बाकाला हात लावून हलवून बघत होती. हलला नाही. "काऊन केलं असं?" ती हळूच म्हणाली. तेवढं एकच वाक्य मी तिच्या तोंडून रडवेलं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने पुढच्या ओळीतल्या मुलांना मागच्यांकडे तोंड करून बाकावर उलटं बसवलं, ज्यांची जोडी जमेना त्यांना व्हरांड्यात नेलं, आणि तास झाला.

समिती आली तेव्हा तिचा तास वेळापत्रकात मुद्दामच शेवटी लावला होता. पण समितीतल्या एक बाई व्हरांड्यातला घोळका बघून थांबल्या, मुलांमध्ये बसल्या, त्यांना उलटसुलट प्रश्न विचारू लागल्या. मुलांनी उत्तरं दिली, वर त्यांनाच प्रश्न विचारले. बाई जाताना विशाखाचा हात हातात घेऊन बराच वेळ बोलत होत्या. पुढे कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत 'आमचे सहभागी अध्यापन' म्हणून त्या व्हरांड्याचा फोटो छापला गेला. फोटोत मुलं आहेत, मध्ये पाठमोरी विशाखा आहे. नाव कुठेही नाही. आणि बाक? बाक जिथल्या तिथे ठोकलेले. मी प्राचार्यांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, फर्निचरचा आणि अध्यापनाचा काय संबंध?"

शोकसभा त्याच वर्गात झाली. आम्ही सगळे ठोकलेल्या बाकांवर एकमेकांच्या पाठींकडे बघत बसलो होतो. प्राचार्यांनी तिचा नवोपक्रम, तिची शिस्त, संस्थेने तिला दिलेलं स्वातंत्र्य यावर भाषण केलं. संस्थेने दिलेलं स्वातंत्र्य! भाषण संपताच त्यांनी श्रद्धांजलीला उभं राहायला सांगितलं. तेवढ्यात मागून पूजा उठली. ती आता स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, डोणगावहून मुद्दाम आली होती. "सर, मॅडमनं आमाले बोलाले शिकवलं, आन् तुमी त्याइच्याच शोकसभेत आमाले बोलू देऊन नाही राह्यले." कुणी माईक दिला नाही. ती तशीच बोलली. काय बोलली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण तेव्हा माझं रडू पहिल्यांदा फुटलं.

विशाखाच्या जागेवर तासिका तत्त्वावर एक तरुण आला आहे. परवा तो माझ्याकडे आला, गोंधळलेला. म्हणाला, "मॅडम, मी प्रश्न विचारून लगेच उत्तर सांगायला लागलो, तर एक मुलगी म्हणाली, सर, थांबा ना, आमाले आंधी इचार करू द्या."

"मग काय केलंत?"

"थांबलो. कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही. मला घाम फुटला हो..."

"आणि मग?"

"मग जे सुरू झाले, तास संपला तरी थांबेनात."

काल त्याला प्राचार्यांच्या केबिनमधून बोलावणं आलं. वर्गात गोंगाट होतो अशी तक्रार होती. त्याची नोकरी अशी की पुढच्या महिन्यात 'येऊ नका' म्हटलं की संपली. दारापाशी तो घुटमळत होता. मी त्याच्याबरोबर आत गेले, आणि कुणी बसा म्हणायच्या आधी खुर्ची ओढून बसले.