टोपीखालचं कपाळ

ये गं पोरी, अशी जवळ बस. चिठ्ठीच्या कागदावरच बसवतेय तुला, दुसरं काय करू? पडघ्याहून भिवंडी ती केवढीशी लांब, आणि चार वर्षांत मावशीचं दार आठवलं नाही तुला! लाज वाटू दे जराशी.

तुझ्या बापाचं सांगते. चौऱ्याऐंशीची दंगल, तू आईच्या पोटात. तो लूमवर ड्युटीला गेला तो परत आलाच नाही. फोटो एकही नाही, लग्नातलासुद्धा. मी आपली शेजारीण, कापडाच्या तुकड्यांवर कोळशाने माणसं काढायची, कुणी शिकवलं नव्हतं. तुझी आई आली, म्हणाली, "दीदी, मैं बोलती हूँ, आप बनाओ."

दोन दिवस बोलत होती. नाक असं, कान तसा. भुवईच्या वर व्रण, लूमवरचा धोटा उडून लागला होता त्याचा. शेवटी डोळे पुसत चक्क हसली, "बस, यही है. अब पूछेगा, चाय कहाँ है."

तिचे दिवस भरत आलेले, म्हणून चौकीत मी एकटी गेले. हवालदाराने चित्र उलटसुलट केलं. "बाई, हा आपल्यातला की त्यांच्यातला? काही खूण नको का?"

खूण होती की गं! भुवईवर होती. पण माझी अक्कल बघ. घरी येऊन, दाराला लावून उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटने मी त्याला टोपी घातली, चांगली खाली ओढून. वाटलं, लवकर सापडेल. व्रण तिच्याखाली गेला. अगं, त्याच्या डोक्यावर कापसाची भुरी असायची नेहमी, टोपी मी कधी पाहिलीच नव्हती.

ते घेऊन इस्पितळं फिरले. कुणी ओळखलं नाही. मग तुझ्या आईने पाहिलं. म्हणाली, "ये कौन है?"

रॉकेलने पुसायला गेले, तर कोळसाही गेला. पुन्हा सांग म्हटलं, तर ती उठून घरी निघून गेली.

तेव्हापासून तोच चेहरा काढतेय. लोक म्हणतात, मावशी, दंगलीची चित्रं छान. छान कसली, डोंबलाची! दंगलीने माणूस नेला, त्याचं तोंड मी नेलं. एकाचंही कपाळ जमत नाही. आता तर मोतीबिंदू उतरलाय.

तुझं कपाळ बापावर गेलंय. व्रण डाव्या भुवईवर होता की उजव्या, तेवढं आईला विचार आणि ये. दुपारची ये, उजेडात अजून थोडं दिसतं. लवकर ये गं.