मामाची वाट

आमच्या घरी दिवसा गोष्ट सांगायची बंदी होती. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे मानतात. पुष्कळ घरांत हे पोरांना गप्प बसवण्यापुरतं असतं. पोरं हसतात, मोठीही हसतात, आणि कुणाचाच मामा चुकत नाही. आमचा चुकला.

तेव्हा आम्ही विसरवाडीला राहत होतो. रस्त्याला लागून वडिलांचं चहाचं हॉटेल होतं, मागे दोन खोल्या. सुरतेकडून येणारे आणि धुळ्याकडे जाणारे ट्रक तिथे थांबत. त्यातला एक ट्रक मायच्या धाकट्या भावाचा, म्हणजे मालक सुरतेचा आणि चालवणारा माझा मामा. नवापूरच्या जंगलातलं लाकूड तो सुरतेला न्यायचा. येताना माझ्यासाठी तिथली घारी ही मिठाई आणायचा. तुपाने भिजलेला तो कागददेखील मी चाटायची. मायला हा एकच भाऊ. आईबाप लहानपणीच गेलेले, त्यामुळे त्याला तिनेच वाढवलं होतं. तिच्या लग्नात वऱ्हाडाबरोबर तोही आला आणि परत गेलाच नाही, असं वडील गमतीने म्हणायचे.

मी सात-आठ वर्षांची असेन. मला थंडीताप आला होता. कोयनेलची कडू गोळी मी थुंकून टाकायची आणि माय पुन्हा द्यायची. भर दुपार होती. मी हट्ट धरला, गोष्ट सांगितली तरच गोळी घेईन. मायने आधी दटावलं, मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि सांगितली. एका राजाची होती, आंधळ्या घोड्याची. गोळी मी कधी गिळली ते मला कळलंही नाही. मामा त्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

तो आला नाही. सुरतेला माल उतरवला, ट्रक मालकाच्या वाड्यात लावला, क्लीनरला म्हणाला, बहिणीकडे जाऊन येतो. तिथून पुढे त्याला कुणीच पाहिलं नाही. वडील सुरतेला गेले, व्याऱ्याला उतरले, नवापूर स्टेशनात हमालांना विचारत फिरले. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात कुणी जखमी, बेवारशी माणूस आणला होता का, तेही विचारून आले. कुठेच काही नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही.

मायने माझ्यावर कधी बोट ठेवलं नाही. ठेवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तिने सगळं स्वतःवर घेतलं आणि तोंड मिटून बसली. गोष्ट मी सांगितली, असं ती एकदाच म्हणाली, तेही चुलीकडे बघून.

आमच्याकडे माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घेतात. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतात आणि मग सुतक सुरू होतं. वर्ष उलटलं तेव्हा भाऊबंद वडिलांना म्हणू लागले, आता त्या पोराचे दिवस करून टाका, असं अधांतरी ठेवू नये. वडील घरात आले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "आते पानी ली टाक."

"कोनना नावनं पानी?" माय म्हणाली. "तो वाटवर शे."

विषय तिथे संपला. पुढे कुणाची छाती झाली नाही. पण त्या दिवसापासून बंदी खरी झाली. तो वाटेवर होता, म्हणजे अजून चुकू शकत होता. उजेड असेतो आमच्या घरात कुणी गोष्टीचा ग काढायचा नाही. हॉटेलात एखादा ड्रायव्हर भुताच्या गप्पा मारायला लागला तर माय मधल्या दारातून बघायची, आणि वडील त्याला म्हणायचे, चहा घे अन् नीघ.

आता मला लोक विचारतात की, बाई, या अद्भुत कथा तुम्हाला सुचतात कशा? सत्कार असतो, गळ्यात हार असतो, म्हणून मी हसते आणि काहीतरी सांगते. खरं म्हणजे मला चीड येते. गोष्टी मला सुचल्या नाहीत. दिवसभर तोंडात दाबून धरलेलं दिवेलागणीला बाहेर पडायचं, इतकंच. चिमणी लावली की मी मायला विचारायची, आता? ती आधी बाहेर रस्त्यावर बघून यायची, मग मान हलवायची.

सातवीची फायनल पास झाले आणि गावच्याच प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. शाळेतली निम्मी मुलं पाड्यांवरून चालत यायची. घरी त्यांची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी त्यांना परक्या पाहुण्यासारखी. गोष्ट सांगितल्याशिवाय ती जागची हलत नसत. शाळा तर भरते दिवसाच. माय विचारायची, "शाळामा गोट सांगस का व?" मी म्हणायची, नाही माय, तो धडा असतो. माझं तोंड बघून तिला कळत असणार. तिने कधी खोदून विचारलं नाही, पण मी शाळेतून येईपर्यंत ती ओट्यावरून हलायची नाही.

संध्याकाळी सांगितलेलं मी रविवारी लिहून काढू लागले, तेही ऊन उतरल्यावर. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाला पाठवलं. संपादकांनी कळवलं, कल्पना चांगली आहे, पण परी कुठे आहे? विसरवाडीला मी परी कुठून आणणार? आमच्याकडे ट्रक होते. मी पुन्हा ट्रकच पाठवला, या खेपेला उडणारा, आणि तो छापून आला. वडिलांनी ते मासिक हॉटेलातल्या टेबलावर ठेवलं. ट्रकवाले चित्र बघून हसायचे, म्हणायचे, या गाडीला डिझेल लागतं की नाही? वडील सांगायचे, मन्ही पोरले इचारा. मायने अंक हातात घेतला, उलटापालटा केला आणि ठेवून दिला. तिला वाचता येत नव्हतं. मी रात्रीच्या जेवणाआधी वाचून दाखवलं तेव्हा तिने ऐकलं. बरं शे, म्हणाली.

अशी काही वर्षं गेली. आमच्या पश्चिम खानदेश जिल्ह्याचं नाव धुळे झालं, रस्त्यावर डांबर पडलं, ट्रक वाढले. मायने प्रत्येक ट्रकचा आवाज ऐकायचं सोडलं नाही. मग माझं पहिलं पुस्तक आलं.

त्यात एक रस्ता आहे. तो संध्याकाळी चटईसारखा गुंडाळला जातो आणि वडाखाली झोपतो. तोरणमाळच्या पठारावर एक म्हातारी राहते. माणसं चुकली की त्यांच्या वाटा तिच्याकडे जातात आणि ती त्या खुंट्यांना टांगून ठेवते. एका मुलीचा मामा चुकतो. मुलगी घाट चढून म्हातारीकडे जाते, मामाची वाट ओळखते, खांद्यावर टाकून खाली आणते आणि आपल्या दारात पसरते. पुस्तक तिथे संपतं. मुलगी उंबऱ्यात उभी आहे. पुढे एका परीक्षणात म्हटलं होतं की लेखिकेला शेवट करता येत नाही. बरोबरच आहे. तो आला असं लिहायला हात धजत नव्हता, आणि आला नाही असं लिहिलं असतं तर घरी तोंड दाखवता आलं नसतं.

पुस्तकांचं पुडकं सकाळच्या गाडीने आलं. उन्हाळा होता. मागच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि माय गोणपाटावर बसून देठ काढत होती. ऊन नुसतं डोक्यावर आलेलं. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने हात पदराला पुसले आणि वरच्या चित्राकडे बघत राहिली. पुण्याच्या चित्रकाराने मामाला फेटा आणि झुपकेदार मिशा दिल्या होत्या.

"मन्हा भाऊले मिशा नव्हत्यात," ती म्हणाली.

 चित्रातला माणूस कोण आहे, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

"वाची दाखाड," ती म्हणाली.

"माय, दिन शे."

"माले म्हाईत शे. वाच."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने पुन्हा मिरच्यांत हात घातला होता. मी वाचायला लागले. मिरच्यांच्या ठसक्याचं निमित्त करून मी दोनदा थांबले. म्हातारीच्या खुंट्यांपाशी माय हसली, अगदी थोडं. मुलगी वाट खांद्यावर घेऊन घाट उतरू लागली तेव्हा मायचे हात थांबले. मी शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"मंग? तो घर वना का?" तो घरी आला का, एवढंच तिने विचारलं.

"इतलंच लिखेल शे, माय."

 रस्त्यावरून एक ट्रक गेला. मायने मान वर केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केली नाही, आणि मला एकदम भीती वाटली. मिरच्यांचे देठ तिने एका बाजूला सारले, गुडघ्यावर हात टेकून उठली.

"तो आते वाटवर नही शे," ती म्हणाली.

मोरीजवळच्या रांजणातून तिने कळशी भरून घेतली, लुगड्यानिशी खाली बसली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मग कळशी माझ्यापुढे सरकवली. मी पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले.