बोंगोसीचं टेबल

कुणाच्याही घरी गेले की काका बूट काढायच्या आधी दाराच्या चौकटीवर मधलं बोट वाकवून दोनदा टकटक करत आणि मान हलवत म्हणत, "पाइन. बिस्कीट आहे हे." यजमानांनी चहाचं विचारेपर्यंत त्यांचं निम्मं फर्निचर बिस्कीट ठरलेलं असे.

न्युरेम्बर्गला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी दुसऱ्या मजल्यावर, काका-काकू तिसऱ्यावर. काका चंद्रपूरचे, सागवानाच्या मुलखातले. कालव्यांची दारं आणि बंदरांचे धक्के बांधायला लाकूड पुरवणाऱ्या एका कंपनीत ते होते. तिथे त्यांना बोंगोसी भेटलं. हे कॅमेरूनकडचं तांबूस लाकूड. खिळा ठोकला तर खिळाच वाकतो. एकदा त्यांनी त्याचा तुकडा माझ्यासमोर बादलीत टाकला. तो दगडासारखा तळाला गेला, तेव्हा त्यांचा चेहरा मुलगी बोर्डात आल्यासारखा झाला होता. "शंभर वर्षं पाण्यात राहू दे, काही होत नाही," ते म्हणाले.

काकूंना लाकडात रस नव्हता, त्यांना माणसं हवी होती. इतक्या वर्षांत शेजाऱ्यांशी बोलणं 'हालो'च्या पुढे गेलं नव्हतं. दहाजण जेवतील असं टेबल करा, एवढंच त्यांनी मागितलं.

काकांनी कंपनीतल्या उरलेल्या फळ्या घेतल्या आणि कंपनीच्याच आवारात ते चार महिने प्रत्येक शनिवारी खपले. खिळा नाही, स्क्रू नाही. खाचा पाडून पाय असे बसवले की पुन्हा निघायचे नाहीत. त्या सांध्यांचा त्यांना फार अभिमान. लाकडाची घनता मोजली, ओल मोजली, वजन मोजलं. जिना तेवढा मोजायचा राहिला.

आम्ही सहाजणांनी ते उचललं आणि पहिल्या मजल्याच्या वरच्या वळणावर ते अडकलं. चारही पायांवर व्यवस्थित उभं, पण ना वर जाईना, ना खाली येईना. उद्या बघू, असं काका म्हणाले. तो उद्या अकरा दिवस चालला.

तोवर वरचे सगळे टेबलाखालून रांगत ये-जा करू लागले. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश होते. ते ब्रीफकेस पुढे ढकलत टेबलाखालून निघायचे आणि गुडघे झटकून गंभीरपणे 'गुटन मॉर्गन' म्हणायचे. काकूंना इतकी लाज वाटली, की बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या पोह्यांची बशी देऊ लागल्या. बशी हातात आली की माणूस थांबतो. थांबला की बोलतो. चौथ्या दिवशी तिथे खुर्च्या आल्या.

तळमजल्यावरच्या घरमालकीणबाई मात्र रीतसर चिठ्ठी चिकटवून गेल्या: टेबल कापा, नाहीतर घर सोडा. अकराव्या दिवशी सुतार आला. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, कापू द्या. घर जायला नको." सुताराने करवत लावली आणि थोड्या वेळाने दात बोथट झालेलं पातं सगळ्यांना दाखवलं. तेव्हा न्यायाधीशांनी जिन्याच्या कठड्याकडे बोट केलं आणि विचारलं, हाच का कापत नाही?

कठडा पाइनचा होता. दोन मिनिटांत कापला. घरमालकीणबाईंनी ते पाहिलं, खुर्ची ओढून घेतली आणि पोहे मागितले.

वर आणखी वळणं होती, म्हणून टेबल खाली मागच्या अंगणात गेलं, ते तिथेच राहिलं. उन्हाळाभर काकूंच्या पंगती उठत. पावसात, बर्फात ते उघड्यावर उभं. लाल रंग जाऊन राखाडी झालं.

सहा वर्षांनी काका निवृत्त होऊन चंद्रपूरला निघाले. टॅक्सी आली म्हणून मी त्यांना बोलवायला अंगणात गेलो, तर ते टेबलाखाली उकिडवे बसलेले. पायाच्या सांध्यात, जिथे खाचेत पाणी साचत असावं, तिथे एक अळंबी उगवली होती. पांढरी, कानाच्या पाळीएवढी.

मग त्यांनी ती अलगद खुडली, रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"काकूला सांगू नकोस," ते म्हणाले.

फाटकाशी काकू आणि घरमालकीणबाई एकमेकींच्या गळ्यात पडून आपापल्या भाषेत रडत होत्या. काका टॅक्सीत बसले ते खिशावर हात दाबूनच. घरमालकीणबाईंना वाटलं, ते काळजावर हात ठेवून निरोप घेतायत. टॅक्सी वळेपर्यंत त्याही आपल्या छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.