शब्बीरची कंबर

अकोल्याच्या धान्य बाजारात पोती ट्रकात बसून निघून जातात, किस्से मात्र गोदामातच साचत राहतात. मी इथल्या हमालांच्या टोळीचा मुकादम. शाळा जेमतेम पाहिली, म्हणून लिहीन ते सरळच लिहीन. कोणाले लागलं तं लागो!

* * *

आमच्यातला शब्बीर एक दिवस वाकलेलाच कामावर आला. कंबर धरली होती त्याची. पण हमालानं कंबर दुखते म्हणणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं! म्हटलं, "काहून रे, खाली काय पाहून राहिला?"

"चाबी पडली, मुकादम."

झालं! सारी टोळी चाबी शोधाले लागली. पोती सरकवली, झाडू मारला. गजानन तं ट्रकच्या खाली घुसला. तोच खालून ओरडला, "मामू, चाबी कायची होती?"

"घराची."

"घरी तं मामी असते! कुलूप कोण लावते?"

शब्बीर बसाले गेला, तं बसताही येईना.

* * *

जठारपेठेत एका मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. अमरावतीची पोट्टी, माझ्या नातीएवढी. शब्बीरले ओढत तिथं नेलं. तिनं विचारलं, "काका, काय काय करता येत नाही?"

मले वाटलं, पोतं उचलता येत नाही म्हणन. तो म्हणे, "मॅडम, सालभरापासून खुर्चीवर बसून नमाज पढतो. माथा जमिनीले लागत नाही. ईदेले तेवढा टेकला पाहिजे."

सालभर माझ्या बाजूले काम केलं अन् मले पत्ता नाही! तिथंच त्याले शिव्या घातल्या.

"आजोबा, हा दवाखाना आहे," मॅडम म्हणे.

म्हटलं, "मंग बाहेर नेऊन घालू का?"

* * *

ईद होईपर्यंत शब्बीरचं ओझं उचलणं बंद. त्याच्याकडं पोत्यायची तोंडं शिवाचं काम दिलं. पण तेही वाकूनच! मंग गजाननानं दोन पोती एकावर एक ठेवली, त्यावर तिसरं. शब्बीर उभ्यानं शिवाले लागला.

मॅडम एक दिवस स्वतः गोदामात आली. सारे नियम सांगितले. कमरेतून नाही, गुडघ्यातून वाका. पोतं अंगाजवळ धरा. वळाचं असन तं पाय फिरवा, कंबर पिळू नका. अन् जमिनीवरचं पोतं दोघांनी उचला.

हे शेवटचं ऐकून शब्बीर भडकला. इतक्या वर्षांचा हमाल, आता उचलाले जोडीदार! "मॅडम, दोघांनी उचलाले ते पोतं आहे का मयत?"

मॅडम म्हणे, "काका, मयत व्हायच्या आधी शिका म्हणून सांगते."

* * *

तिनंच सांगितलं, रोज एकाच खांद्यावर वजन घेऊ नका. आमी जन्मभर उजव्या खांद्यावर घेतलेलं. दारात समोरून दुसरा भरलेला गडी आला की दाराच्या उजव्या बाजूनं निघाचं, म्हणजे पोती बाहेरच्या बाजूले राहतात. पायाले सवयच तशी.

दुसऱ्या दिवशी साऱ्यायनं मिळून खांदा बदलला. पाय कोण बदलणार? एक ट्रक भरून राहिलो होतो, दुसरा खाली करून राहिलो होतो, दार एकच! दारातच पोत्यावर पोतं आदळलं. दोघं गडी खाली बसले, तुरीचा सडा पडला.

गोदामाचा शेठ धावत आला. "अरे, हे काय चालू आहे?"

तुरीत बसूनच गजानन म्हणे, "काही नाही शेठ, तब्येत सुधरून राहिली!"

* * *

दुखाच्या आधीच थांबा, हेही मॅडमचंच. पण थांबते कोण? ट्रकवाला हॉर्न वाजवते अन् हे बैलासारखे धावतात. शेवटी मीच शिट्टी घेऊन दारात उभा राहिलो. "बसा रे नालायकहो! गजानन, पाणी पी! पोतं खाली ठेव, नाही तं तंगडं तोडीन!"

शेठ चष्मा पुसत बाहेर आला. म्हणे, "मुकादम, काम करा म्हणून शिव्या देणारे लय पाहिले. बसा म्हणून देणारा तू पहिलाच!"

* * *

शब्बीर रोज सकाळी मॅडमनं दाखवलेला व्यायाम करे. गोदामात रिकाम्या पोत्यावर पालथा पडून मान वर करे. नवीन ट्रकवाले त्याले पाहून घाबरत.

ईद आली. आमी सारे त्याच्या घरी शीरखुर्मा प्याले गेलो. वाटी हातात घ्याच्या आधी मीच विचारलं, "बोल, टेकला का माथा?"

"टेकला!"

मामीनं आत डोळे पुसलेले मी पाहिले. शब्बीरचं तोंड मात्र कसनुसं.

"मंग असा काहून बसला?"

"टेकला, पण उठताच येईना मुकादम! सारे उठून बसले, मी तसाच. लोकायले वाटलं, बुढा दुआ मांगून राहिला."

"अन् तू काय करून राहिला होता?"

"दुआच मांगून राहिलो होतो! म्हटलं, या अल्ला, दोन माणसं पाठव. अन् गुडघ्यातून वाकणारी पाठव!"