सहावी खिडकी

त्या दिवशी भोरच्या एसटी स्टँडमागं रंग खरवडलेली एक जुनी बस येऊन उभी राहिली आणि माझ्या वीस वर्षांच्या डोक्यात जे वारं शिरलं, ते अजून पुरतं निघालेलं नाही. सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील...

पुण्याच्या पाच पोरांचा रॉक बँड होता. मानेपर्यंत केस, खाली घेरदार बेलबॉटम. दौऱ्याची बस रंगवून घ्यायला ते माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे आले होते. आप्पा भोरातले पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवून विटलेले.

अक्षरं आप्पांची, चित्रं माझी, अशी आमची वाटणी. हल्ली ज्याला लोगो म्हणतात, तो मीच काढला. एक गिटार, आणि तिच्या भोकाच्या जागी राजगडाचं नेढं... कड्यातलं ते आरपार भोक आणि पलीकडचं आभाळ. पोरं जाम खूश! एकजण म्हणाला, "ताई, तुम्हीपण चला की गोव्याला!"

गमतीत म्हणाला हो तो. मी मात्र वेडी, चार दिवस मनातल्या मनात पिशवी भरत होते. आणि घरात वेल्ह्याकडच्या स्थळाशी माझी सुपारी फुटलेली.

आत स्पीकर रचायचे म्हणून बसच्या मागच्या सहा खिडक्या पत्रा मारून बंद केल्या होत्या. नुसता पत्रा भुंडा दिसतो, म्हणून मी त्यावर खिडक्या रंगवल्या आणि प्रत्येकीत बाहेर बघणारा एकेक पोरगा काढला. पोरं पाच, खिडक्या सहा. सहावीत पडदा ओढून टाकला.

आप्पा जवळ आले. "हितं कोन बसलंय गं?"

"कुनी न्हाई."

"मग पडदा कशापायी? रिकाम्या खिडकीला कुनी पडदा लावतं व्हय?"

मला रडूच फुटलं. आप्पा आपला दाढीचा आरसा घेऊन आले आणि माझ्यासमोर धरून उभे राहिले. "बग आन काड. मान खाली नको घालूस."

"लोक काय म्हनतील, आप्पा?"

"म्हनू दे. तुला गाडीत बसवायची माजी छाती न्हाई, पोरी... येवढं तरी कर."

मग मी पडद्यावर रंग चढवून स्वतःला काढलं. केस उडतायत, दात दिसतायत... अशी मी कधी हसलेच नव्हते.

रंग वाळला, बस वरंधा घाटाच्या रस्त्याला लागली. वळणावर आधी आप्पांची अक्षरं दिसेनाशी झाली, मग ती पोरं, मग मी. ती बस परत काही भोरला आली नाही.

पुढं वेल्ह्याला नांदले, सुखात नांदले. आप्पांनी त्या दिवशी आरसा धरला, त्याची फेड या जन्मी व्हायची नाही.

परवा मुलगा म्हणाला, "आई, गोव्याचं तिकीट काढतो." मी नको म्हटलं, तर म्हणे हट्टी आहेस. आहेच मी हट्टी! पण त्याला कसं सांगू... मला गोवा बघायचा नव्हता रे. मला वीस वर्षांची असताना जायचं होतं.