पांढरी चार, लाल तीन

जूनमधल्या एका शनिवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, बव्हेरियातल्या एका छोट्या गावात माझ्या सासऱ्यांनी एका ताज्या कबरीवरची सात फुलं तोडली. चार पांढरी, तीन लाल. मी फाटकापाशी उभी होते. फाटकावरची पाटी मी वाचली होती आणि तिचा अर्थ मला माहीत होता.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आदल्या नोव्हेंबरात इंगोलश्टाटला आलो होतो. पुण्यात मी एका वर्तमानपत्रात वृत्तसंपादन विभागात होते. इथे मला काम नव्हतं. आठवड्यातले चार दिवस जर्मनचा वर्ग आणि शनिवारी सहल, असा क्रम बसला होता. राज्यभर दिवसभर चालणारं एक गटाचं तिकीट मिळतं, त्यावर पाच जण जाऊ शकतात. मेमध्ये सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले आणि आम्ही चौघं त्या एका तिकिटावर फिरू लागलो. म्युनिक, न्यूर्नबर्ग, मग लहान लहान गावं. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागत. ते काम बाबा, म्हणजे माझे सासरे, करत. अक्षर सुंदर होतं. कॉलेजात त्यांनी तेहतीस वर्षं गणित शिकवलं होतं.

बाबांना फुलांची सवय होती. पुण्यात रोज पहाटे फिरायला जाताना खिशात कॅरीबॅग असायची, आणि कुंपणाबाहेर आलेलं प्रत्येक फूल देवाचं, असा त्यांचा नियम होता. जास्वंद, तगर, कण्हेर, मिळेल ते. यावरून सोसायटीत भांडणं झाली होती.

"फुले तोडू नयेत अशी पाटी लावली होती सेक्रेटरीनं," त्या शनिवारी गाडीत आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलं. "ह्यांनी त्या पाटीलाच पिशवी अडकवली आणि दोन्ही हातांनी तोडली."

"पाटी भक्कम होती," बाबा म्हणाले.

इंगोलश्टाटच्या आमच्या फ्लॅटमध्ये बुकशेल्फच्या वरच्या फळीवर आईंचे देव होते. डब्यातून आणलेला बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एक टाक. दुकानातली फुलं सेलोफेनमध्ये गुंडाळलेली असतात म्हणून आईंना ती चालत नसत. त्यामुळे जिथे जाऊ तिथून बाबा फुलं आणत. रस्त्याकडेची, रुळांशेजारची. कोणाची हरकत आली नव्हती.

त्या दिवशी सकाळपासून मी बाबांना तीनदा टोकलं होतं. रस्ता रिकामा बघून ते लाल दिव्यावर निघाले तेव्हा, गाडीत फोनवर मोठ्यानं बोलले तेव्हा, आणि लसणाच्या चिवड्याची पिशवी डब्यात उघडली तेव्हा. समोरच्या बाईंनी खिडकी उघडली होती. तिसऱ्या वेळी नवरा हळूच म्हणाला, "सारखं नको गं टोकूस त्यांना." स्टेशनवर उतरल्यावर मी त्यांच्यापासून चार पावलं मागे चालत होते. हे मुद्दाम होतं.

आईंचे गुडघे दुखत होते. त्या आणि नवरा नदीकाठच्या कॅफेत थांबले. बाबा आणि मी गावात फिरायला निघालो. चर्चच्या मागे दगडी भिंत होती आणि भिंतीत उघडं फाटक. आत एका लोखंडी दांडीवर हिरव्या झाऱ्या ओळीनं टांगल्या होत्या. त्यापलीकडे मीटरभर लांबी-रुंदीचे वाफे, प्रत्येकात फुलं, प्रत्येकाच्या डोक्याशी नावाची सपाट फरशी. क्रूस जवळपास दिसत नव्हते. तो भाग अस्थिकलशांचा होता, हे मला नंतर कळलं. दोघी-तिघी म्हाताऱ्या वाकून तण काढत होत्या.

रुळांशेजारी दिसणाऱ्या छोट्या बागांबद्दल मीच बाबांना सांगितलं होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना नगरपालिका जमिनीचे तुकडे वाटून देते, लोक तिथे फुलं-भाज्या लावतात.

"ही ती तुझी वाटून दिलेली बाग," बाबा म्हणाले. "बघ, वाफ्यावाफ्यावर मालकाचं नाव."

फाटकावर 'फ्रीडहोफ' असं लिहिलं होतं. हा शब्द आमच्या वर्गात चौथ्या धड्यात आला होता. बानहोफ म्हणजे स्टेशन, फ्रीडहोफ म्हणजे दफनभूमी. बाबा आत गेले होते. मला एवढंच म्हणायचं होतं, 'बाबा, हे स्मशान आहे.' ते चौथं टोकणं झालं असतं. मी परतीच्या गाडीची वेळ बघायला फोन काढला. वर पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात कॅरीबॅग होती.

ते एका वाफ्याशी वाकले होते. त्या वाफ्याला फरशी नव्हती, फक्त नाव लिहिलेली लाकडी पट्टी होती. शेवंतीसारखी दिसणारी पांढरी फुलं त्यांनी खुडली, मग लाल. देठ नखानं तोडत होते, झाडाला धक्का लागू न देता.

झारी घेतलेली एक वृद्ध बाई माझ्याजवळून आत आली आणि थांबली. तिनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या दोघांच्या कातडीचा रंग एकच होता.

"हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"नाइन," मी म्हणाले. म्हणजे नाही.

बाबा वीसेक फुटांवर होते. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि हात हलवला.

"अगं, ये ना इकडे," ते मराठीत म्हणाले. "यांनाच विचार, ह्या पांढऱ्या फुलाला काय म्हणतात." आणि मग बाईकडे वळून इंग्रजीत, "माय डॉटर-इन-लॉ. शी स्पीक्स व्हेरी गुड जर्मन."

बाईंना तेवढं इंग्रजी समजलं. "आख सो," म्हणजे असं होय, त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. वाफ्यापाशी जाऊन त्या बाबांसमोर उभ्या राहिल्या आणि हळूहळू, सुटे सुटे शब्द उच्चारत बोलल्या. त्यांचे पती ईस्टरपासून इथे आहेत. फुलं त्यांनी स्वतः लावली आहेत. दगड अजून यायचा आहे.

"काय म्हणताहेत?" बाबांनी मला विचारलं.

वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणणं हे नऊ वर्षं माझं काम होतं. चुकीच्या भाषांतराबद्दल मी दोन प्रशिक्षणार्थींना लेखी समज दिली होती.

"त्या म्हणताहेत, ही त्यांच्या मिस्टरांची बाग आहे."

"मग सांग त्यांना, मिस्टरांच्या हाताला गुण आहे."

मी बाईंना जर्मनमध्ये म्हणाले, "ते म्हणताहेत, क्षमा करा."

बाईंनी मान हलवली. बाबांनी पिशवी पुढे केली, परत देण्यासाठी. बाई म्हणाल्या, "राहू द्या. तोडून झाली आता." हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. त्यावर बाबांनी हात जोडले, बाईंच्या हातातली झारी घेतली आणि तो वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपला. लाकडी पट्टीवर चिखल उडाला तो रुमालानं पुसला. बाई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. झारी परत देताना बाबा "डांके" म्हणाले. आल्यापासून त्यांनी तीनच जर्मन शब्द शिकले होते. डांके म्हणजे आभार, बिट्टे म्हणजे कृपया, आणि नाइन.

फाटकातून बाहेर पडताना बाबांनी पाटीचा फोटो काढला. प्रत्येक गावातल्या पाट्यांचे फोटो ते काढत, त्यात नवीन काही नव्हतं.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. नवरा फोनमध्ये होता. पिशवी बाबांच्या मांडीवर होती.

"त्या बाईंनी आधी तुला काय विचारलं गं?" बाबा म्हणाले. "तू नाइन म्हणालीस ते?"

"विचारलं, जर्मन येतं का."

"येतं की तुला."

"थोडंच येतं, बाबा."

ते खिडकीबाहेर बघू लागले.

रविवारी सकाळी मी लवकर उठले. कबरीवरची फुलं देवावर वाहिलेली दिसतील आणि तरी मला गप्प राहावं लागेल, असा माझा अंदाज होता. आईंना हे कधी कळलं असतं तर देव उचलून त्या पहिल्या विमानानं परत गेल्या असत्या. आईंची पूजा झाली होती. देवांवर अक्षता होत्या आणि तुळशीचं एक पान. सात फुलं बाल्कनीत काचेच्या ग्लासात होती.

"ह्यांनी वाहू दिली नाहीत," आई म्हणाल्या. "म्हणे वास नाही. इतकी वर्षं बिनवासाची तगर चालली ह्यांना."

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही रेगेन्सबुर्गला गेलो. बाबांनी तिकिटावर चौघांची नावं लिहिली. पिशवी आणली नव्हती. नदीच्या काठी रानफुलं होती, कोणाचीही नसलेली.

"बाबा, ती घ्या ना," मी म्हणाले.

"नको," ते म्हणाले. "इथलं मला कळत नाही."

उरलेल्या सगळ्या सहलींत ते आमच्याबरोबरच चालले. लाल दिव्यावर थांबले. गाडीत फोन आला तर कट करत. डबा उघडण्याआधी माझ्याकडे बघत. जुलैच्या शेवटी दोघं परत गेले.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी, काही कारण नसताना, नवरा म्हणाला, "त्या गावाहून आलो ना, तेव्हा बूट काढता काढता बाबांनी मला फोटो दाखवला होता. म्हणाले, ह्या शब्दाचा अर्थ काय. मी म्हटलं, दफनभूमी. तू बरोबर होतीस ना तेव्हा?"

"होते," मी म्हणाले.

"आणखी काही विचारलं का त्यांनी?" मीच पुढे विचारलं.

"एकच. म्हणाले, हे चौथ्या धड्यात येतं का रे. मला कसं माहीत असणार?"

माझं पाठ्यपुस्तक तीन महिने दिवाणखान्यातल्या टेबलावर असायचं. दुपारी बाबा ते चाळत बसत. म्हणजे एका बाजूनं आईंचं बाल्कनीतल्या फुलांबद्दलचं सांगणं, दुसऱ्या बाजूनं नवऱ्याचं. दोन्ही माहिती जुळत होती. त्याच संध्याकाळी त्यांना सगळं कळलं होतं, आणि पुढचे सहा आठवडे ते माझ्यासमोर बसून जेवत होते.

पुढच्या शनिवारी मी एकटी त्या गावाला गेले. गटाच्या तिकिटावर एकच नाव लिहिलं. अक्षर माझं. बाजारातून पांढऱ्या फुलांची एक कुंडी घेतली. वाफ्यावर आता राखाडी दगड बसवला होता. त्या बाई नव्हत्या. तण काढणाऱ्या दुसऱ्या एकीला मी विचारलं, तिनं सांगितलं की त्या सहसा सकाळी लवकर येऊन जातात. कुंडी दगडाशी ठेवली, दांडीवरची झारी काढली आणि पाणी घातलं. दुपारी दोनच्या गाडीपर्यंत थांबले. कोणी आलं नाही.

रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल केला. फोन बाबांनी उचलला.

"काल कुठे?" त्यांनी विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. मागे कुकरची शिट्टी झाली.

"बाबा, त्या बाईंनी मला जर्मन येतं का असं विचारलं नव्हतं," मी म्हणाले. "तुम्ही माझ्याबरोबर आहात का, असं विचारलं होतं."

"हो," ते म्हणाले. "तसंच वाटलं होतं मला."

मग त्यांनी फोन आईंकडे दिला.